झाडाची वाकळ



ज्या सालीं पाऊस डोळे वटारतो त्या सालीं, चैत्र सरतां सरतां, आमच्या सांगोलें तालुक्यांतील खेड्यांत पहांटे जो पहिला आवाज कानीं येतो तो पांखरांचा नव्हे. रिकाम्या घागरी एकीवर एक आदळल्याचा तो असतो. टॅंकर केव्हां येईल याचा नेम नसतो. म्हणून बायकामुलें उजाडण्यापूर्वींच घागरींची रांग लावून ठेवतात. अशा दिवसांत परसांतील लिंबाला आणि दारांतील मोगऱ्याला पाणी घाला असा उपदेश करावयाचा म्हणजे उपाशी माणसासमोर पक्वान्नांची यादी वाचण्यासारखेंच आहे. तसला उपदेश मी करणार नाहीं. अंघोळीचें, भांडीं विसळल्याचें, तांदूळ धुतल्याचें जें हंडा-अर्धा हंडा पाणी झाडाच्या वांट्याला येतें, तें त्याच्या मुळांशीं चार दिवस अधिक कसें टिकावें, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी शेतकीचा पदवीधर नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों, छत्तीस वर्षें मुलांकडून पाढे घोकविले आणि २०१७ सालीं निवृत्त झालों. या विषयांतलें मला जें समजतें त्यांतील बरेचसें चुकून समजलें आहे. आणि त्या चुकीची किंमत मीं भरली नाहीं, सात झाडांनीं भरली.

ती हकीकत अशी. २०१० च्या पावसाळ्यांत आम्हीं शाळेच्या आवारांत नऊ रोपें लावलीं होतीं. कडुनिंबाचीं तीन, करंजाचीं दोन, आंब्याचीं दोन, एक चिंच आणि एक जांभूळ. एकेक झाड चार-पांच मुलांच्या हवालीं केलेलें होतें. पहिलीं दोन वर्षें झाडें बरीं वाढलीं. माझा स्वतःचा कटाक्ष स्वच्छतेवर फार. प्रार्थनेपूर्वीं अर्धा तास झाडलोट झालीच पाहिजे, आवारांत पान म्हणून दिसतां कामा नये, प्रत्येक आळें खुरपून गुळगुळीत केलेलें असावें व त्याच्या कांठाला गेरूचा पट्टा असावा, असा माझा दंडक होता. गोळा झालेला पालापाचोळा दर शनिवारीं कोपऱ्यांत नेऊन पेटवीत असूं. तपासणीस आलेल्या एका साहेबांनीं शेरेबुकांत ‘आवार अनुकरणीय’ असा शेरा मारला होता, आणि तो मी पुष्कळ दिवस येणाजाणाऱ्यांना दाखवीत असें.

मग २०१२ चा पाऊस हुकला. २०१३ च्या फाल्गुनांत गांवची विहीर तळाला गेली. मुलें दुपारच्या खिचडीचीं ताटें धुतलेलें पाणी जपून ठेवीत आणि एक दिवसाआड प्रत्येक झाडाला एक कळशी घालीत. मुलांनीं त्यांत कसूर केली नाहीं; हें मी मुद्दाम सांगतों, कारण झाडें वाळूं लागलीं तेव्हां मीं पहिला आळ त्यांच्यावरच घेतला होता. दुपारीं चार वाजतां घातलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं दहाच्या सुमारास असें नाहींसें होई कीं आळें पांढुरकें पडून त्यावर पाटीसारखी खपली धरलेली असे. चैत्रांत आंबे गेले. त्यांच्यामागून जांभूळ गेली, मग चिंच. वैशाखाच्या अखेरीस नवांपैकीं सात झाडांच्या काड्या झाल्या होत्या.

त्या दिवसांत एक धनगराची म्हातारी नातवाला शाळेंत पोंचवावयास येत असे. शनिवारीं मी पाचोळा पेटवीत असतांना ती काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “गुर्जी, झाडाची वाकळ तुमी दर आठवड्याला जाळताय, मग त्यानं उन्हाळा काढावा कशाच्या जीवावर?” वाकळ म्हणजे आमच्याकडे चिंध्यांची गोधडी. मीं तिला डांस, रोगराई, विंचूकिरडूं असें बरेंच कांहीं समजावून सांगितलें. शिकलेल्या माणसाला उत्तर सांपडत नाहीं असें कधीं होत नाहीं! ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली.

जीं दोन झाडें वांचलीं तीं कोणतीं, हें मात्र ऐकण्यासारखें आहे. एक करंज होता. तो मुतारीच्या भिंतीमागें असल्यामुळें तिकडे झाडावयास मुलें नाखूष असत आणि माझीही नजर तेथवर क्वचितच पोंचे. वाऱ्यानें वाहून आलेला सगळ्या आवाराचा पाचोळा त्याच्या बुंध्याशीं अडकून गुडघाभर सांचला होता. दुसरा कडुनिंब कुंपणाच्या ढांसळलेल्या भिंतीलगत होता आणि त्याच्या सभोंवतीं पडलेले दगड उचलावयास कोणाला सवड झाली नव्हती. ज्येष्ठांत मेलेलीं झाडें उपटतांना मीं सहज त्यांतला एक चपटा दगड उलथला. खालची माती काळसर होती. मुठींत घेऊन दाबली तों तिचा लाडू वळला! शेजारच्या मोकळ्या आळ्यांतील माती मात्र बोटांच्या फटींतून पिठासारखी गळत होती. दोहोंत अंतर तीन हातांचें, पाणी एकाच कळशीचें. मी कितीतरी वेळ तो दगड हातांत धरून बसलों होतों.

आतां यामागचें कारण पाहूं. ओली उघडी माती पहिल्या दिवशीं जवळजवळ उघड्या पाण्याइतकीच वाफ सोडते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत परातींत ठेवलेल्या पाण्याची पातळी दिवसाला दहा मिलिमीटर, आणि वारा सुटला असेल तर त्याहूनही अधिक, उतरते. एक चौरस मीटर जागेवरचें एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हें सहावी-सातवींतील मुलानें करण्याजोगें गणित आहे. मीटरभर व्यासाच्या आळ्याचें क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरांहून थोडें अधिक भरतें. म्हणजे नुकतेंच भिजविलेलें आळें एका दिवसांत सात-आठ लिटर पाणी आकाशाच्या स्वाधीन करूं शकतें. आणि आम्ही घालीत होतों दहा-बारा लिटरांची एक कळशी! झाडाच्या तोंडीं काय पडत असेल याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. हेंच गणित मी कधीं कधीं दुसऱ्या रीतीनें मांडतों. २०१६ च्या एप्रिलांत तहानलेल्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी होतें. तेवढें एका वाघिणीचें पाणी सव्वा एकर ओली, उघडी जमीन वैशाखांतील एका दिवसांत वाऱ्यावर सोडून देते. आणि त्यासाठीं कोणी रूळ टाकावे लागत नाहींत कीं इंजिन जोडावें लागत नाहीं.

वरचा थर सुकला कीं ही उधळपट्टी मंदावते, परंतु थांबत नाहीं. दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें खालचें पाणी मातीच्या बारीक कणांमधून वर चढत राहतें. त्यांत आमची जमीन काळी. ती सुकतांना आक्रसते आणि तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांतून ऊन व वारा हातभर खोल उतरून थेट मुळांजवळची ओल पितात. पाचोळ्याच्या थरानें ऊन मातीपर्यंत पोंचत नाहीं, तिच्या अंगाला वारा लागत नाहीं आणि निघालेली वाफ तेथल्या तेथें कोंडून राहते. दुपारीं उघड्या मातीवर अनवाणी पाय ठेववत नाहीं आणि वीतभर पलीकडे पाचोळ्याखालीं हात घातला तर माती गार लागते; ज्याला माझा विश्वास वाटत नसेल त्यानें हें करून पाहावें. पाहतांना हात मात्र काठीनें पाचोळा चाळविल्यावरच घालावा. त्याचें कारण पुढें येईल.

हें ज्ञान आपल्या शेतकऱ्याला नवें आहे असें कोणीं समजूं नये. रब्बीच्या ज्वारींत तो कोळपें धरतो तें केवळ तणासाठीं नव्हे. वरची दोन बोटें माती मोकळी करून तो त्या वातीचें टोंकच तोडतो आणि भेगा बुजवितो. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी’ ही म्हण आमच्या भागांत प्रत्येकाच्या तोंडीं आहे. सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र चालत आलेलें आहे, तेथेंही ओल धरून ठेवणें हाच मुख्य प्रश्न. ज्याला पाचोळा मिळत नसेल त्यानें पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, वापसा येतांच, खुरप्यानें आळें हलक्या हातानें भुसभुशीत करावें. मातीची भुकटी हेंही एक पांघरूणच आहे, जरी तें पातळ असलें आणि पुढच्या पाण्यानें विरून जात असलें तरी. मात्र खोल खुरपूं नये, मुळें तुटतात.

निवृत्त झाल्यावर माझ्या परसांत एक लिंबू, एक शेवगा, सीताफळाचीं दोन झाडें, कढीलिंब आणि आमच्या मंडळींचा मोगरा एवढा संसार मीं मांडला. जुनें पाप मनांत सलत होतें, म्हणून पाचोळा जाळणें केव्हांच सोडलें होतें. परंतु मास्तरकी हाडांत मुरलेली. पडताळा पाहिल्यावांचून चैन पडेना. २०१८ च्या उन्हाळ्यांत आळींतील पोरें जमवून तेलाचे दोन रिकामे डबे घेतले, त्यांत तीच माती सारख्या वजनाची भरली, सारखें पाणी घातलें आणि एका डब्यावर चार बोटें जाडीचा कडुनिंबाचा पाचोळा पसरला. रोज संध्याकाळीं डबे वाण्याच्या कांट्यावर नेऊन तोलीत असूं. वाणी पहिल्या दिवशीं हंसला. तिसऱ्या दिवसापासून तोच आमची वाट पाहूं लागला. चौथ्या दिवशीं उघड्या डब्यांतून गेलेलें पाणी झांकलेल्या डब्यांतून गेलेल्या पाण्याच्या दुपटीहून अधिक भरलें.

येथेंच थांबलों असतों तर माझें म्हणणें फार ठासून मांडतां आलें असतें. पण पोरांनीं तोलणें चालू ठेवलें आणि पंधरवड्यानंतर दोन्ही डब्यांतील अंतर कमी होऊं लागलें. उघड्या डब्यांत घालवावयास फारसें उरलें नव्हतें, आणि झांकलेला डबा आपलें पाणी सावकाश पण सतत सोडीतच होता. महिनाभर कांहींच न देतां ठेवले असते तर दोन्ही कोरडे झाले असते. यावरून मला जें उमगलें तें असें कीं, पांघरुणानें पाणी वाढत नाहीं, त्याचे दिवस वाढतात. एक दिवसाआड लागणारी कळशी चार-पांच दिवसांआड पुरते. एका टॅंकरपासून दुसऱ्या टॅंकरपर्यंत झाड जगावयास तेवढें पुष्कळ होतें. मात्र ‘पाचोळा घातला, आतां पाणी नको’ असें कोणी सांगूं लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां पांघरूण कशाचें घालावें? या प्रश्नापाशीं मला थोडें थांबलें पाहिजे, कारण येथें नुसत्या बागकामापेक्षां कांहीं अधिक गुंतलेलें आहे. पुस्तकांतून ‘गवत, पेंढा, कडबा पसरावा’ असें सर्रास लिहिलेलें आढळतें. लिहिणारे बहुधा जेथें गवताला तोटा नाहीं अशा मुलखांतले असावेत. १९७२ च्या दुष्काळांत मी तेरा वर्षांचा होतों. आई-वडील दोघेंही खडी फोडावयास जात. शाळेंत सुकडी मिळे. त्या वैशाखांत वडिलांनीं गोठ्याच्या छपरावरचा तीन वर्षांचा काळा पडलेला कडबा उतरविला आणि झटकून झटकून बैलांना घातला. गोठा उघडा पडला, बैल उन्हांत उभे राहिले, पण जगले. हें ज्यानें पाहिलें आहे त्यानें पुढें काय करावें? २०१८ चा पाऊस दडी मारून बसला आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत गांवाबाहेर चारा छावणी पडली. मीं मात्र पुस्तकांतील वचनाला अनुसरून, आदल्या वर्षीं भावानें दिलेल्या कडब्याच्या दोन पेंढ्या लिंबाच्या आळ्यांत अंथरल्या होत्या. शेजारचे एक गृहस्थ गायीला घेऊन छावणीकडे निघाले असतां कुंपणापाशीं थांबले. ते कांहीं बोलले नाहींत. गायीनें मात्र कुंपणावरून मान आंत घातली. मीं त्याच पावलीं आळ्यांतला कडबा काढून तिच्यापुढें टाकला. आणि त्या दिवसापासून जनावर ज्याला तोंड लावील अशी एक काडीही झाडाखालीं घालावयाची नाहीं, असा नेम केला आहे.

सुदैवानें जनावरें जें खात नाहींत असेंही पुष्कळ असतें. कडुनिंबाचा आणि करंजाचा पाला, भुईमुगाचीं टरफलें, नारळाच्या शेंड्या, फुलावर येण्यापूर्वीं उपटून वाळविलेलें गाजरगवत, आणि कालव्याकांठच्या गांवांत लोक जें शिवारेंच्या शिवारें पेटवून देतात तें उसाचें पाचट. आमच्याकडे करडईची मळणी झाल्यावर जें कांटेरी भूस उरतें तें मला सर्वांत आवडतें. तें पसरतांना हातांची चाळण होते हें खरें, परंतु एकदां पसरलें कीं शेजाऱ्यांच्या कोंबड्या उकरावयास येत नाहींत आणि शेळी लांबूनच नमस्कार करते! लांकडाच्या वखारींतला भुसाही चालतो. मात्र तो वरच राहूं द्यावा. मातींत कालविला तर कुजतांना मातींतलें नत्र ओढून घेतो व झाड पिवळें पडतें.

आणि यांपैकीं कांहींच मिळत नसेल तर दगड आहेत. देवानें आमच्या तालुक्याला पाणी बेतानें दिलें, वर्षाचा पाऊस तो काय सुमारें वीस इंच, परंतु दगड देतांना हात आखडला नाहीं. तळहाताएवढे चपटे दगड आळ्यांत फरशीसारखे एकाला एक लावून बसवावे. ते कुजत नाहींत, वाऱ्यानें उडत नाहींत, त्यांना वाळवी लागत नाहीं, आणि पावसाची लहानशी सरसुद्धां पिऊन न टाकतां फटींतून खालीं सोडतात. दुपारीं ते तापतात हा त्यांचा दोष आहे. म्हणून कोंवळ्या रोपाला दगडांच्या खालीं पाचोळ्याचा पातळ थर द्यावा आणि बुंध्याला दगड भिडवूं नयेत. माझ्या सीताफळांना गेलीं कित्येक वर्षें दगडांवांचून दुसरें पांघरूण नाहीं.

पांघरूण घालण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. कोरड्या मातीवर पाचोळा घालणें म्हणजे रिकाम्या कोठाराला कुलूप लावणें होय. आधीं आळें पोटभर भिजवावें. थोडें थोडें रोज शिंपडण्यापेक्षां तेंच पाणी सांठवून चार दिवसांनीं एकदम द्यावें, म्हणजे तें खोल जातें. आणि लगेच झांकावें. सर्वांत उत्तम वेळ म्हणजे परतीचा पाऊस संपल्यावरची, कार्तिकाच्या सुमाराची, कारण तेव्हां ओल फुकटची असते. मीं शाळेंत असतांना नेमकीं त्याच दिवसांत सफाईची मोहीम काढीत असें. थर दाबून चार बोटें राहील इतका द्यावा. पाचोळा बसतो, म्हणून घालतांना तो वीतभर दिसला तरी हरकत नाहीं. झाडाच्या पानांची सावली जेथवर पडते तेथवर तो पसरावा. मुळें बुंध्याशीं पाणी पीत नाहींत, टोंकांशीं पितात. बुंध्याभोंवतीं मात्र चार बोटें जागा मोकळी ठेवावी, नाहींतर साल ओली राहून कुजते. माझा पहिला कढीलिंब असाच गेला, आणि तो दुष्काळानें गेला असें मी बरेच दिवस सांगत होतों. पाणी घालतांना थर बाजूला सारून मातीवर घालावें, आणि मग पुन्हां झांकावें. वरून ओतलें तर पहिला तांब्या पाचोळाच पितो.

वाळवीविषयीं पुष्कळजण विचारतात. वाळवी येते, नाहीं म्हणतां येणार नाहीं. तिला वाळलेलें खाणें अधिक प्रिय असतें आणि पाचोळा आहे तोंवर ती बहुधा त्यावरच राहते. तो सरला आणि झाड उन्हानें कोमेजलेलें असलें म्हणजे सालीकडे वळते. यास्तव थर सरूं देऊं नये, बुंध्याला गेरू-चुना लावावा, आणि मातीचे बोगदे सालीवर चढतांना दिसले तर लगेच झाडून टाकावे.

विंचवांची गोष्ट मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. त्या म्हातारीला मीं जें उत्तर दिलें होतें तें सर्वस्वीं खोटें नव्हतें. मोगरा आमच्या धुण्याच्या दगडाला लागून आहे. एके सकाळीं त्याच्या पाचोळ्यांतून विंचू निघाला आणि तो आमच्या मंडळींच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला. त्यांनीं आरडाओरडा केला नाहीं. धुणें संपविलें, घरांत आल्या आणि म्हणाल्या, “झाडं जगवायची तर जगवा, पण माणसांच्या पायाखाली नको.” या वादांत मला जिंकावयाचेंही नव्हतें. त्याच दिवशीं मोगऱ्याखालचा पाचोळा काढला आणि तेथें पोरांनीं वेंचून आणलेली बारीक वाळूखडी तीन बोटें पसरली. तिच्यांत लपावयास जागा नसते. तेव्हांपासून आमच्या घरीं ठरून गेलें आहे कीं, भिंतीपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून चार हातांच्या आंत पाचोळा नाहीं, त्या पलीकडे खुशाल असावा. आणि तो हाताळावयाचा झाल्यास आधीं काठी, मग हात. विडी ओढणाऱ्या पाहुण्यांनाही मी त्या बाजूला बसवीत नाहीं.

अलीकडे डाळिंबाच्या बागांतून काळ्या-रुपेरी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. वाफ अडविण्यांत तो पाचोळ्याला हार जात नाहीं, आणि ज्याचें पोट बागेवर आहे त्याला मी नांवें ठेवणार नाहीं. चार झाडांच्या परसाला मात्र त्याची गरज दिसत नाहीं. पाचोळा वर्षा-दोन वर्षांत मातींत मिसळून तिला पुढच्या वेळीं अधिक ओल धरावयास शिकवितो. कागद फाटून त्याच्या चिंध्या बाभळींवर फडफडत राहतात.

मृगाची पहिली सर येण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं मी काय करतों तें सांगून पुरें करतों. वाळलेला जाड थर हलकी सर स्वतःच पिऊन टाकतो आणि मुळांपर्यंत थेंब पोंचत नाहीं. म्हणून ढग भरून आले कीं आळ्यांतील पाचोळा कांठाला ओढून ठेवतों, पहिले दोन-तीन पाऊस उघड्या मातीला घेऊं देतों आणि वापसा आला कीं पुन्हां पसरतों. शेवग्याखालीं तो तोंवर निम्मा कुजून काळा झालेला असतो. त्याला हात लावीत नाहीं, वरून नवा घालतों. नव्याची मला ददात नाहीं. शाळेंत आतां जे गुरुजी आहेत ते माझेच विद्यार्थी. शनिवारीं मुलें पूर्वीसारखेंच आवार झाडतात, आणि त्या दोन वांचलेल्या झाडांच्या आळ्यांत मावून जो पाचोळा उरतो त्याचीं दोन पोतीं माझ्या दारांत आणून टाकतात.